टँकरपाशी उभं करणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

लॅबमधलं संशोधन बाजारात कसं न्यायचं याचं तुमचं प्रशिक्षण संपलं त्या संध्याकाळी सगळ्यांनी अभिप्रायाचे फॉर्म भरले. मीही पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले. पण तेवढ्यावर भागवणं काही बरं नाही. शिवाय ‘आमचं तंत्रज्ञान कधीतरी बाजारात जाईल’ असं म्हणत वर्षानुवर्षं लॅबमध्ये बसलेले माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांनाही वाचता यावं, म्हणून हे पत्र उघडंच लिहितेय.

त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. गाईला कासदाह झाला, म्हणजे कासेला सूज आली, की प्रतिजैविकं देतात आणि त्यानंतर काही दिवस तिचं दूध विकायचं नसतं. ते चुकून मिसळलं तर त्यातला औषधाचा अंश माणसांच्या पोटात जातो. शिवाय दही-चीजसाठी घातलेलं विरजणही अशा दुधात नीट काम करत नाही, कारण विरजण म्हणजे जिवाणूच. हा अंश ओळखणारी एक पट्टी आमच्या लॅबने तयार केली. बाजारात मिळणाऱ्या पट्ट्यांपेक्षा ती कितीतरी कमी प्रमाणातलं पेनिसिलिन पकडते. शोधनिबंधाचं शीर्षक त्यावरच होतं आणि प्रशिक्षणासाठीच्या आमच्या अर्जातलं पहिलं वाक्यही.

पहिल्या दिवशी तुम्ही आम्हाला स्लाइड दाखवूच दिल्या नाहीत. भिंतीवर नऊ चौकटींचा तो बिझनेस मॉडेल कॅनव्हास, म्हणजे धंदा कसा चालेल याचा एकपानी तक्ता, लावलात, आणि आम्ही त्यात जे जे लिहिलं त्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने ‘गृहीतक’ असं लिहीत गेलात. ग्राहक कोण: गृहीतक. पैसे कोण देणार: गृहीतक. आमचे सर इतका वेळ हाताची घडी घालून बसले होते. ते एकदम पुढे सरकले. गृहीतक मांडायचं, ते खोटं ठरवता येईल अशी चाचणी आखायची, हे तर त्यांचं आयुष्यभराचं काम. ‘मार्केटिंग’ म्हटलं असतंत तर ते चहाच्या सुट्टीनंतर परतले नसते, हे मी खात्रीने सांगते.

ही पद्धत मुळात कुठून आली तेही तुम्हीच सांगितलंत. स्टॅनफर्डमध्ये स्टीव्ह ब्लँक यांनी २०११ मध्ये सुरू केलेला अभ्यासक्रम, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने त्याच्यावरच बेतलेला आय-कोअर कार्यक्रम. तरुण संशोधक, प्राध्यापक आणि उद्योगातला अनुभवी मेंटॉर असं त्रिकूट, हातात ५०,००० डॉलर आणि सात आठवड्यांत संभाव्य ग्राहकांच्या १०० मुलाखती. आकडा ऐकून आमच्यातल्या एकाने ‘नमुना संख्या एवढी कशाला?’ असं विचारलं होतं. तेव्हा तुम्ही नुसत्या हसलात. पुढे कळलं, की पहिल्या काही मुलाखतींत माणसं आपल्याला बरं वाटेल तेच बोलतात, आणि वेगवेगळ्या ठिकाणची वेगवेगळी माणसं तीच तक्रार आपणहून करू लागतात तेव्हा कुठे काहीतरी हाती लागतं.

मुलाखतीचे तुमचे नियम मी अजून टेबलासमोर लावून ठेवलेत. आपल्या तंत्रज्ञानाबद्दल बोलायचं नाही. ‘असं काही मिळालं तर घ्याल का?’ हा प्रश्न विचारायचाच नाही, कारण त्याला ‘हो’ म्हणायला कुणाचं काही जात नाही. विचारायचं ते घडून गेलेल्या गोष्टीबद्दल: मागच्या वेळी चाचणीत दूध सदोष निघालं तेव्हा काय केलंत, कुणाला फोन केलात, नुकसान कुणी सोसलं? या नियमाचा आणखी एक फायदा सरांच्या लगेच लक्षात आला. आपण शोधाविषयी काही बोलतच नाही, त्यामुळे पेटंटलाही धोका पोहोचत नाही. (परिषदेला गोषवारा पाठवण्याआधी पेटंटचा अर्ज दाखल करून घ्या, हेही तुम्हीच बजावलंत. अमेरिकेत स्वतःच्या प्रकाशनानंतर वर्षभराची सवलत मिळते, युरोपात मिळत नाही, हे आमच्या संपूर्ण विभागात फार थोड्यांना ठाऊक होतं.)

आणि मग तुम्ही आम्हाला टँकरपाशी उभं केलंत. आम्ही डेअरीच्या गुणनियंत्रण विभागाच्या प्रमुखांची वेळ घेतली होती. तुम्ही म्हणालात, ‘त्यांना भेटाच, पण आधी जो माणूस प्रत्यक्ष पट्टी बुडवतो त्याच्याशेजारी उभे राहा.’ तो माणूस नमुना काढतो, यंत्रात गरम करायला ठेवतो, घड्याळाकडे बघतो. तोवर टँकर उभा, चालक उभा, मागे दुसरा टँकर येऊन लागलेला. निकाल आल्यावर तो वहीत लिहायचा, मग संगणकात पुन्हा लिहायचा. सदोष आला तर सगळ्यांदेखत पुन्हा चाचणी. संवेदनशीलता (पट्टी किती कमी प्रमाण पकडते ते) हा शब्द त्या माणसाने एकदाही उच्चारला नाही. गरम करायचं ते यंत्र बंद पडलं की काय होतं, यावर मात्र तो बराच वेळ बोलला.

आमच्या मुख्य दाव्याचं काय झालं, तेही लिहिते, कारण असल्या गोष्टी शोधनिबंधात येत नाहीत. दुधातल्या पेनिसिलिनची कोडेक्सने, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, ठरवलेली कमाल मर्यादा लिटरमागे ४ मायक्रोग्रॅम आहे. त्याच्या खूप खालचं प्रमाण पकडणारी पट्टी हाती दिली, तर नियमाने चालणारं दूधही सदोष ठरेल आणि अख्खा टँकर नाकारावा लागेल. गुणनियंत्रणातल्या बाईंनी हे आम्हाला अगदी शांतपणे सांगितलं: ‘मला अशी पट्टी फुकट दिलीत तरी नको.’ पट्टी ज्या प्रमाणाला सदोष म्हणते ती रेषा वर सरकवून मर्यादेपाशी आणता येते, त्यात तांत्रिक अडचण नाही. पण मग बाजारातल्या पट्ट्यांपेक्षा आमच्यात वेगळं काय उरलं? त्या रात्री सरांनी तुम्हाला फोन केला. तुम्ही धीर वगैरे दिला नाहीत. ‘निकाल सदोष आला की सर्वांत जास्त नुकसान कुणाचं होतं, ते शोधलंत का?’ एवढंच विचारलंत.

त्या एका प्रश्नाने आम्ही डेअरीच्या दारातून गावातल्या दूध संकलन केंद्रापर्यंत मागे गेलो. टँकरमध्ये पुष्कळ जणांचं दूध एकत्र असतं. एकाच्या गोठ्यातल्या दुधाने सगळं जातं, आणि तपास सुरू होतो तो नुकसान होऊन गेल्यावर. केंद्रावरच्या लोकांना चाचणी हवी होती ती दूध एकत्र होण्याआधी, आणि तीही थंड दुधावर, विजेच्या यंत्राशिवाय चालणारी. आमची पट्टी थंड दुधावर चालते. शोधनिबंधाच्या पुरवणी माहितीत ते एका आलेखात दाखवलेलं होतं. तो आलेख काढायला सांगणाऱ्या रिव्ह्यूअरचे आभार वेगळे मानायला हवेत!

एका गोष्टीसाठी मात्र तुमचे आभार मी इतर सगळ्यांपेक्षा जास्त मानते. आमच्याबरोबरच्या एका टीमने शेवटच्या सादरीकरणात ‘यावर कंपनी उभी राहणार नाही’ असं स्वच्छ सांगितलं. त्यांची बॅटरीची कल्पना चांगली होती, पण ज्यांना ती हवी असेल असं वाटलं होतं त्यांचं काम सध्याच्या बॅटरीवर भागत होतं. अशा वेळी सभागृहात अवघडलेली शांतता पसरते. तुम्ही उठून त्यांच्या मुलाखतींचा दर्जा सर्वांत चांगला होता असं सांगितलंत, आणि तो कसा, हे त्यांच्या नोंदी वाचून दाखवून पटवलंत. अनुदान देणाऱ्यांना यशोगाथा हव्या असतात, हे काय आम्हाला कळत नाही? तरीही ‘नाही’ हे उत्तर तुम्ही खरं उत्तर म्हणून स्वीकारलंत, त्यामुळे बाकीच्या टीमनाही आपले आकडे फुगवावेसे वाटले नाहीत.

आम्हीही कंपनी काढलेली नाही. चाचणी संच बनवणाऱ्या एका उत्पादकाशी लायसन्सची बोलणी चालू आहेत आणि त्यातली निम्मी चर्चा पट्टी किती महिने टिकते यावर अडली आहे. सर आता नव्या विद्यार्थ्याला विषय देण्याआधी ‘हे कुणाच्या कामात अडतंय, जाऊन बघ’ म्हणतात. विद्यार्थी वैतागतात, पण जातात.

तुमची,
पट्टीवाल्या टीममधली पोस्टडॉक

ता. क. पुढच्या तुकडीतल्या एका टीमला संकलन केंद्रांवर बोलायचं आहे असं कळलं. आम्ही भेटलेल्यांपैकी ज्यांची हरकत नाही त्यांना विचारून ठेवलं आहे. सकाळच्या संकलनाच्या वेळी जायला सांगा, नंतर तिथे कुणी भेटत नाही.