काका, तुमचा ताणकाटा अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

आभार मानायला फोन केला की तुम्ही "बरं बरं, तेल किती टाकलंस ते सांग" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. भोसरीतल्या माझ्या शेडमध्ये अधूनमधून एखादा पोरगा येतो, मोबाइलवर रिमोटने उडणाऱ्या मॉडेल जेट विमानाचा व्हिडिओ दाखवतो आणि विचारतो, "दादा, टर्बाइन कुठलं घेऊ?" (टर्बाइन म्हणजे त्या विमानाचं छोटं, पण खरंखुरं जेट इंजिन.) मी त्याला जे सांगतो त्यातलं माझं काहीच नाही, हे एकदा जाहीर कबूल करायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी नाशिकला तुमच्या ओट्यावर मीही तसाच बसलो होतो. हॉक या हवाई दलाच्या विमानाच्या मॉडेलचं किट घरी येऊन पडलं होतं. हवाई दलाच्या सूर्यकिरण कसरत पथकाचा लाल-पांढरा रंग द्यायचा हे ठरलेलं, आणि इंजिनही ठरलेलं: १४० न्यूटन जोराचं. मला सल्ला नकोच होता, तुमची मान हललेली हवी होती. तुम्ही चहाचा कप पुढे केलात आणि विचारलंत, "उतरवणार कुठे?"

मी म्हटलं, "काका, मी इंजिनाचं विचारतोय."

"मीही तेच विचारतोय. वर कुठलंही इंजिन नेतं रे. खाली येताना काय करतं ते बघ."

इलेक्ट्रिक विमानं उडवून तयार झालेल्या माझ्या डोक्यात हे शिरायला वेळ लागला. तिथे थ्रॉटल मागे घेतला की प्रोपेलर उलट ब्रेकचं काम करतो. टर्बाइन मात्र आयडललाही, म्हणजे थ्रॉटल पूर्ण मागे असतानाही, मिनिटाला तीस-चाळीस हजार फेरे घेत असतं आणि विमानाला पुढे ढकलतच राहतं. इंजिन जितकं मोठं तितका हा रेटा जास्त. माझ्याकडे होती एका कारखान्यामागची जेमतेम १८० मीटरची डांबरी पट्टी, आणि पट्टीच्या शेवटी बाभळी. तुम्ही वहीच्या मागच्या पानावर ती पट्टी काढलीत, बाभळी जरा जास्तच मोठ्या काढल्यात, आणि म्हणालात, "१४०चं इंजिन तुला इथे नेऊन सोडेल."

मग थ्रॉटलचं सांगितलंत. आयडलपासून पूर्ण ताकदीपर्यंत जायला तीन-चार सेकंद, कधी पाचही. "काडी पुढे करणं म्हणजे निरोप धाडणं. तो पोचेपर्यंत विमान तुझ्यासाठी थांबत नाही." हे वाक्य मी ट्रान्समीटरच्या (हातातल्या रिमोटच्या) पेटीत झाकणाच्या आतून चिकटवलं आहे.

त्यानंतर काटा काढायला लावलात. मी किटच्या खोक्यावरचं वजन सांगत होतो, तुम्ही ऐकेनात. घरी येऊन सगळं मोजलं: सांगाडा, चाकं आणि सर्व्हो (पंखांची पाती हलवणाऱ्या छोट्या मोटारी) मिळून ८ किलो, बॅटऱ्या, पंप, टाक्या, नळ्या ९०० ग्रॅम, तुम्ही सुचवलेलं १०० न्यूटनचं इंजिन धरून १.१ किलो, आणि ३ लिटर इंधन म्हणजे आणखी २.४ किलो. बेरीज १२.४. न्यूटनमध्ये १२२. मी लगेच फोन केला, की बघा, १०० घेतलं तर वजनाइतकासुद्धा जोर मिळत नाही. तुम्ही हसलात. पूर्ण भरलेल्या खऱ्या हॉकला वजनाच्या निम्माही जोर मिळत नाही, आणि त्या हॉकवर नऊ-नऊ जण आकाशात बाण काढतात, हे तुम्ही सांगितल्यावर माझी वकिली संपली.

१४०चं इंजिन अर्धा किलोने जड, तेही विमानाच्या मागच्या भागात, म्हणजे तोल सांभाळायला नाकात शिसं. पुन्हा ते पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला साडेचारशे मिलिलिटर पिणार, १००चं साडेतीनशेच्या आत-बाहेर. म्हणजे टाकी मोठी, म्हणजे आणखी वजन. एका हट्टापायी हे सगळं वाहून न्यायचं होतं मला.

पण खरे पाय धरावेसे वाटले ते ८०चा विषय निघाला तेव्हा. तुमचं ऐकून मी दुसऱ्या टोकाला गेलो होतो. ८० न्यूटन घेतो, पैसेही वाचतील, म्हणालो. तुम्ही विचारलंत, "हा आकडा कुठल्या हवेतला?" खोक्यावर छापलेला जोर हा समुद्रसपाटीचा, १५ अंश तापमानाचा. पुणं साडेपाचशे मीटरवर, आणि मे महिन्यातली दुपार ३८ अंशांची. हवा तेरा टक्क्यांच्या आसपास विरळ. फेऱ्यांची मर्यादा तीच, मग पोटात जाणारी हवा कमी, जोरही कमी. "१००चं तुझ्याकडे ८५ धर. विमानातल्या धुराच्या पाइपात आणखी थोडं जाईल. ८०चं किती उरतं ते तूच काढ." मी काढलं नाही, लाजेने १००वर आलो.

तरीही शहाणा झालो नव्हतो. परराज्यातल्या एकाकडे जुनं १४० स्वस्तात मिळत होतं, "फक्त दहा-बारा तास चाललंय" म्हणत होता. तुम्ही म्हणालात, "इसीयूला विचार, तो खोटं बोलत नाही." इसीयू म्हणजे इंजिन चालवणारा आणि त्याची नोंद ठेवणारा छोटा संगणक. पडद्याचा फोटो मागवला तर एकूण ६१ तास, आणि शेवटच्या काही वेळा बंद पडण्याचं कारण: तापमान जास्त. साधारण २५ तासांनी सर्व्हिस मागणारी वस्तू ती! त्या माणसाला मी पुन्हा फोन केला नाही, त्यानेही केला नाही.

कंपनीच्या बाबतीत तुम्ही कधीच पक्ष घेतला नाहीत. जर्मन घे, तैवानी घे, स्पॅनिश घे, पण बेअरिंग गेल्यावर पार्सल कुठे जाणार आणि किती महिन्यांनी परत येणार, ते पैसे देण्याआधी विचार, एवढंच. माझा लेथ दोन हजार फेऱ्यांवर थरथरायला लागला की मी बटणाकडे धावतो. इथे दीड लाखाच्या घरात फिरणारा दांडा, आणि त्याच्या बेअरिंगला वंगण म्हणून इंधनातच मिसळलेलं तेल. वीस लिटरला एक लिटर. ते तेल उघड्या हाताने ढवळताना पाहून तुम्ही माझ्यावर जे ओरडलात, त्याबद्दलही आभार. (हातमोजे घालतो. आणि हो, आग विझवायची फुसफुस करणारी लाल बाटली कार्बन डायऑक्साइडचीच आणली, पावडरची नाही.)

कुर्ट श्रेकलिंग या जर्मन माणसाने १९९०च्या आसपास घरगुती टर्बाइनला कंप्रेसरचं चाक चक्क प्लायवुडचं बसवलं होतं, वरून कार्बन फायबर, ही गोष्टही तुमच्याकडूनच ऐकली. आता शेडमधल्या पोरांना मी ती अशी सांगतो, जणू मी तिथे उभा होतो.

इंजिन आलं ते नेमकं मे महिन्यात. ड्रॉवरच्या चॅनलवर पाट सरकता केला, त्यावर इंजिन, मागे दोरी आणि दोरीला तुमचा ताणकाटा, म्हणजे ओढ मोजणारा स्प्रिंगचा काटा. दुपारी दोन वाजता मुद्दाम. डिझेलवर असल्याने सुरू होताना धूर झाला आणि शेजारच्या गाळ्यातले दोघे बादली घेऊन धावत आले. मग आवाज चढत गेला, आणि काटा ८.८ किलोवर थांबला. ८६ न्यूटन. मी तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, "एक जास्तच आला. काटा जुना झालाय."

पहिलं उड्डाण नोव्हेंबरात, सकाळी सात वाजता. पट्टी ग्रीन झोनमध्ये, म्हणजे उडवायला मोकळ्या भागात, असल्याचं सरकारी हवाई नकाशावर आदल्या रात्री पुन्हा पाहिलं. १४०चे वाचलेले पैसे चाकांच्या ब्रेकमध्ये घातले होते, तेही तुमच्याच सांगण्यावरून. दोन चकरा, मग फ्लॅप (वेग कमी करणारी पंखांची पाती) खाली, मग लांबून, खालून, थोडा थ्रॉटल ठेवून. विमान टेकलं आणि बाभळींच्या अलीकडे साधारण चाळीस पावलांवर थांबलं. पावलं मी मोजली, कारण तुम्ही विचारणार हे माहीत होतं. तुम्ही विचारलंतच.

आता इसीयू ४ तास २० मिनिटं दाखवतो. काटा शेडमध्ये खिळ्याला टांगलेला आहे. पुढच्या रविवारी नाशिकला आणून देतो. नाही म्हणू नका, आणि काकूंना सांगा, जेवायला थांबणार आहे.

तुमचा,
भोसरीचा लेथवाला