उशीर मधल्या स्थानकांवरही मोजा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्यांची कामगिरी सुधारण्याचा विषय निघाला की चर्चा वेग आणि नवे डबे यांवरच येऊन थांबते. माझ्या मते पहिला प्रश्न उशीर कुठे मोजायचा, हा आहे.

काही महिन्यांपूर्वी पहाटे तीन वाजता एका मधल्या स्थानकावर मी आईला घ्यायला गेलो होतो. गाडी पन्नास मिनिटे उशिरा आली. स्थानक झोपेत निघून जाईल या धास्तीने आई तासभर आधीपासून पिशवी छातीशी धरून डब्याच्या दारात उभी होती. तीच गाडी शेवटच्या स्थानकावर मात्र वेळेत पोहोचली, कारण वेळापत्रकात अखेरच्या टप्प्यात जी जादा मिनिटे धरलेली असतात, त्यांत हा सगळा उशीर जिरून गेला. वाटेत उतरलेल्या शेकडो प्रवाशांचा खोळंबा फक्त शेवटच्या स्थानकावर उशीर मोजणाऱ्या हिशेबात कुठेच दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते सुधारण्याची निकडही कोणाला वाटत नाही.

अमेरिकेत २०२० साली ॲमट्रॅक या तिथल्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीच्या गाड्यांसाठी जो निकष ठरला, तो म्हणूनच मला मोलाचा वाटतो. गाडीतील किमान ८० टक्के प्रवासी आपापल्या उतरण्याच्या स्थानकावर ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत पोहोचले पाहिजेत, असा तो निकष आहे. तिथे प्रवासी गाडीला मालगाडीपेक्षा प्राधान्य देण्याचा कायदा १९७३ पासून आहे. तरीही दोन्ही दिशांना एकच रूळमार्ग असलेल्या ठिकाणी लूप लाइनपेक्षा (दुसऱ्या गाडीला वाट देण्यासाठी बाजूला काढलेल्या रुळापेक्षा) मालगाडीच लांब असली, तर बाजूला थांबावे लागते ते प्रवासी गाडीलाच. अशा ठिकाणी नुसता नियम पुरत नाही, लूप वाढवावी लागते.

उशिराने पोहोचलेला रेक (गाडीच्या डब्यांचा संच) परतीच्या फेरीसाठी तासाभरात काढावा लागला, तर साफसफाई व तपासणी घाईत उरकली जाते किंवा परतीची गाडीही उशिरा सुटते. तेव्हा जादा वेळ एकट्या शेवटच्या टप्प्यात न साठवता तिचा काही भाग प्रमुख जंक्शन स्थानकांच्या आधी द्यावा आणि रेकला दोन फेऱ्यांमध्ये पुरेशी उसंत मिळावी.

प्रत्येक गाडीची प्रत्येक थांब्यावरील प्रत्यक्ष वेळ, उशिराच्या कारणासह, दरमहा जाहीर व्हावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. कोणत्या लूपपाशी, कोणत्या सिग्नलपाशी गाड्या रोज अडतात, हे त्यातूनच कळेल आणि पैसा आधी तिथे खर्च करता येईल.

आपला,
एक प्रवासी