अभिमान यात्रेचे फोटो छापताना

महोदय/महोदया,

अभिमान यात्रेच्या (समलिंगी, ट्रान्सजेंडर अशा समुदायांच्या ‘प्राइड’ मिरवणुकीच्या) बातमीसोबत बहुधा एकच फोटो असतो: सहा पट्ट्यांचा झेंडा आणि गर्दीतला सर्वांत नटलेला चेहरा. त्या व्यक्तीला विचारलेले असते का?

छायाचित्रकार सुनील गुप्ता यांनी 1986-87 मध्ये दिल्लीतील समलिंगी पुरुषांवर ‘एक्झाइल्स’ ही छायाचित्रमालिका केली. तेव्हा समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे कलम 377 लागू होते. त्यात इंडिया गेट, हुमायूनची कबर ओळखू येते. काही माणसे पाठमोरी किंवा चेहरा फ्रेमबाहेर. तरीही त्यांचे असणे ठसठशीत जाणवते. ही काळजी क्लिक करण्याआधीची आहे, नंतर खाडाखोड करून ती साधत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत. घरमालक आणि नातेवाईक मात्र निकालपत्र वाचून वागत नाहीत. म्हणून फोटो काढण्याची आणि छापण्याची परवानगी वेगवेगळी घ्यावी. नाव काय लिहायचे, तेही त्याच व्यक्तीला विचारावे. चेहरा पुसट केला तरी गोंदण, कानातले किंवा शेजारच्या मित्राचा उघडा चेहरा ओळख सांगून जातो. हलका पुसटपणा कधीकधी उलगडताही येतो. त्याऐवजी फोटो कापावा किंवा चेहऱ्यावर सपाट रंग भरून नवी प्रत काढावी. फाइलमधली जीपीएसची (फोटो कुठे काढला त्याची) नोंदही काढून टाकावी.

सर्वांत मोठी इजा वृत्तपत्राच्या फोटोसंग्रहातून होते. यात्रेतला हसरा चेहरा पुढे एचआयव्हीच्या किंवा गुन्ह्याच्या बातमीला चिकटवला जातो. अशा प्रत्येक फोटोला ‘फक्त यात्रेच्या बातमीसाठी’ अशी नोंद जोडून ठेवावी, ही विनंती.

— एक छायाचित्रकार, मुंबई