परत बसवलेल्या हाडाविषयी

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

स्कल बेस, म्हणजे कवटीच्या तळाच्या, युनिटमध्ये तुझी नेमणूक झाल्याचे कळले. ट्यूमर कसा काढावा हे तिथले वरिष्ठ शिकवतील. मी लिहितो आहे ते ट्यूमर निघाल्यावर परत बसवायच्या हाडाविषयी, कारण तोवर सगळे थकलेले असतात आणि हे काम बहुधा सर्वांत कनिष्ठाच्या हाती येते.

कवटीतून सुटे केलेले हाड रक्तपुरवठ्यापासून तुटलेले असते. आजूबाजूच्या ऊतींमधून रक्तवाहिन्या त्यात शिरेपर्यंत जंतूंपुढे ते असहाय असते, कारण जिथे रक्त पोचत नाही तिथे अँटिबायोटिकही नीट पोचत नाही. इतर क्रेनिओटॉमीत (कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत) हे बहुधा निभावून जाते. पण नाकाच्या छतातून वर चढलेला एस्थेसिओन्युरोब्लास्टोमासारखा (वास ओळखणाऱ्या पेशींपासून होणारा) ट्यूमर काढला की मेंदू आणि नाक यांमधली भिंतच जाते आणि हाडाची खालची कड नाकातल्या जंतूंच्या शेजारी येते. म्हणून ड्यूरा, म्हणजे मेंदूवरचा जाड पडदा, पाणीही झिरपणार नाही असा शिवायचा आणि त्याखाली जिवंत पडदा घालायचा. पेरिक्रेनियमचा, म्हणजे कवटीवरच्या पातळ आवरणाचा, फ्लॅप (रक्तवाहिन्या न तोडता वळवलेला तुकडा) त्यासाठीच. स्काल्प (डोक्याची त्वचा) उचलतानाच, डोळ्याच्या वरून येणाऱ्या सुप्राऑर्बिटल व सुप्राट्रॉक्लिअर रक्तवाहिन्या राखून, तो वेगळा करून ओल्या गॉजमध्ये ठेव. ट्यूमर निघाल्यावर आठवण झाली, तर तोवर तो फाटलेला किंवा वाळलेला असतो. तो आत वळवल्यावर हाड बसवताना खालची कड थोडी झिजव, नाहीतर फ्लॅपचा गळा तिथेच आवळला जातो, आणि एवढी मेहनत करून आपणच त्याचे रक्त तोडतो.

फ्रंटल सायनस (कपाळाच्या हाडातली हवेची पोकळी) उघडला असेल तर त्याची मागची भिंत काढून म्युकोसा, म्हणजे आतले अस्तर, ड्रिलने पूर्ण खरवड, सुट्या हाडावरचासुद्धा. राहिलेल्या कणातून काही वर्षांनी म्युकोसील (श्लेष्मा साचून फुगणारी पिशवी) होऊ शकते.

नाकातून एंडोस्कोपने केलेल्या शस्त्रक्रियेत हेच काम नाकाच्या मधल्या पडद्याचा फ्लॅप करतो. अर्जेंटिनातील रोसारिओच्या हदाद आणि बासागास्तेगी यांचा हा फ्लॅप 2006 साली प्रसिद्ध झाला, आणि या शाखेत त्याच्याइतका फरक फार थोड्या गोष्टींनी पडला, असे माझे मत आहे.

आधी रेडिएशन झालेल्या रुग्णाची ऊती दिसते त्याहून दुबळी असते. तिथे प्लास्टिक सर्जनला शस्त्रक्रियेच्या आधीच बोलाव. मधुमेह आणि तंबाखू यांची चौकशीही आधीच कर.

नाक शिंकरू नये, शिंक तोंड उघडून द्यावी, शौचाला जोर करू नये, हे रुग्णाला तू स्वतः सांग. पुढे वाकल्यावर नाकातून स्वच्छ पाणी गळले तर सर्दी समजू नकोस, ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते; ते ओळखून देणाऱ्या बीटा-टू ट्रान्सफेरिन या प्रथिनाच्या तपासणीसाठी नमुना पाठव. जखम पुन्हापुन्हा पाझरत असेल तर हाड वाचवण्याचा हट्ट धरू नकोस. ते काढावे, संसर्ग पूर्ण बरा होऊ द्यावा आणि काही महिन्यांनी टायटॅनियमच्या जाळीचा विचार करावा.

तुझा,
बाबा