मॉडेल पाठ करण्याआधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, सॉफ्टवेअर तयार करण्याच्या पद्धतींची ही मॉडेलं, वॉटरफॉल, स्पायरल, व्ही, अजाइल, यांतलं तुमच्या ऑफिसात नक्की कुठलं वापरतात?" मी म्हटलं, "रिलीजची तारीख किती जवळ आलीये त्यावर आहे," आणि तू हसलास. मी चेष्टा करत नव्हते, म्हणून हे पत्र. लांबलंय, पण इन्सेम परीक्षेला अजून वेळ आहे, सावकाश वाच.

तुझ्या नोट्सचा फोटो पाहिला. प्रत्येक मॉडेलखाली चार फायदे, चार तोटे. एवढं लिहिलंस तरी मार्क मिळतील, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ही मॉडेलं कुणाच्या कुठल्या डोकेदुखीतून निघाली, ते त्या तक्त्यात दिसत नाही. माझी उमेदीची वर्षं सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये, म्हणजे चुका शोधण्यात, गेली, त्यामुळे कुठलंही मॉडेल समोर आलं की मी एवढंच बघते: आपलं चुकलंय हे यात कधी कळणार, आणि कळेल तेव्हा निस्तरायला वेळ-पैसा उरलेला असेल का?

'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे नाव गाजलं ते १९६८च्या ऑक्टोबरमध्ये. जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोने परिषद भरवली होती आणि तिला हे नाव मुद्दाम डिवचण्यासाठी दिलं होतं. तुम्ही पूल बांधणाऱ्यांसारखं काम करता का, असा त्यातला टोमणा. तेव्हा यंत्रं भराभर मोठी होत होती, पण त्यांवरचे प्रोग्रॅम वेळेत होत नव्हते, झाले तर चालत नव्हते, आणि चालले तरी लिहिणारा माणूस सोडून गेला की कुणाला उमगत नव्हते. कोडिंग आणि इंजिनिअरिंग यांतला फरक इथेच आहे. तू एकट्याने रात्रभर बसून लिहितोस ते कोडिंग. तेच काम चाळीस जणांनी करायचं, दहा वर्षं चालवायचं आणि मधे निम्मी माणसं बदलायची, असं झालं की दुसरा विषय सुरू होतो.

तुमच्या सरांनी घर बांधण्याचं उदाहरण दिलं असणारच: आधी नकाशा, मग पाया, मग भिंती. मला ते कधीच पटलं नाही. घरात नकाशा स्वस्त आणि बांधकाम महाग. आपल्याकडे कोड हाच नकाशा, आणि 'बांधकाम' कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, फुकटात करून देतो. आपला सगळा पैसा जातो तो काय हवंय हे ठरवण्यात आणि ते मागाहून बदलण्यात.

आता वॉटरफॉल. पुस्तकात विन्स्टन रॉइसचं नाव असेल, १९७०. हा माणूस अंतराळयानांच्या मोहिमांसाठी सॉफ्टवेअर करून घेत होता. त्याच्या निबंधात ती प्रसिद्ध आकृती आहे: रिक्वायरमेंट (काय हवंय ते), अॅनालिसिस, डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग, एकाखाली एक पायऱ्या. पण 'वॉटरफॉल' हा शब्द त्याने कुठेच वापरलेला नाही. आणि आकृतीपाठोपाठ तो लिहितो की कल्पना मला मान्य आहे, मात्र ती अशी राबवणं धोक्याचं आहे आणि अपयशाला आमंत्रण देणारं आहे. कारण काय? तर वेळ, मेमरी, आत-बाहेर जाणारा डेटा या गोष्टी खऱ्या अर्थाने पहिल्यांदा अनुभवाला येतात त्या शेवटी, टेस्टिंगमध्ये. तोवर सगळं कागदावर. तिथे गडबड निघाली तर डिझाइनच बदलावं लागतं, आणि खर्च किंवा वेळ दुपटीवर जाऊ शकतो. उपाय म्हणून तो सांगतो, आधी एक छोटी आवृत्ती करून बघा आणि खरी ती दुसऱ्यांदा बांधा. ग्राहकाला मधेमधे सामील करून घ्या. लोकांनी आकृती उचलली आणि पुढची पानं सोडून दिली. आमच्या टेस्टिंगवाल्यांच्या बाजूने इतकं स्पष्ट लिहिणारा माणूस नेमका टेस्टिंगला रांगेत शेवटी बसवणाऱ्या मॉडेलचा जनक म्हणून ओळखला जातो, याचं मला अजून हसू येतं.

तरी वॉटरफॉलला सरसकट नावं ठेवू नकोस. मी नोकरीला लागले ते वायटूकेच्या धामधुमीत. कोबोल भाषेतल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत साठवलेलं, म्हणजे २००० आलं की '००', आणि यंत्र ते १९०० समजणार. काय हवंय ते पहिल्या दिवसापासून स्वच्छ होतं, आणि तारीख तर कुणाच्या बापाला हलवता येणार नव्हती. कुठे कुठे तारखा आहेत ते शोधा, बदला, तपासा. २९ फेब्रुवारी २००० ही तारीख आम्ही हटकून घालून बघायचो, कारण शंभराने भाग जाणारं वर्ष लीप नसतं हे लिहिणाऱ्याला माहीत असायचं, पण चारशेने भाग गेला तर असतं हे तो विसरलेला असायचा. अशा कामाला पायरीपायरीने जाणंच बरं. माझ्या पाहण्यात वॉटरफॉल चपखल बसला तो तिथे.

पुढे तीच पद्धत चिकटून राहिली, कारण ती काँट्रॅक्टला सोयीची होती. क्लायंट परदेशात, टीम पुण्यात, रक्कम आधीच ठरलेली. रिक्वायरमेंटच्या जाडजूड डॉक्युमेंटवर साइन-ऑफ, म्हणजे मंजुरीची सही, घ्यायचा. नंतर क्लायंट काही बदल मागायला आला की चेंज रिक्वेस्ट, तिचे पैसे वेगळे. एका विमा कंपनीच्या कामात क्लायंटच्या माणसांनी पहिली चालती स्क्रीन पाहिली ती अगदी शेवटी. म्हणाले, "आमचे एजंट हे असं भरतच नाहीत." डॉक्युमेंटवर त्यांच्याच साहेबाची सही होती. कोडिंग लांबलं होतं, त्यात टेस्टिंगचे आठवडे गेले, गो-लाइव्हची, म्हणजे प्रत्यक्ष वापर सुरू व्हायची, तारीख मात्र जागची हलली नाही. मग वरून हुकूम आला, माणसं वाढवा. आयबीएमची सिस्टिम/३६०ची ऑपरेटिंग सिस्टिम करून घेणारा फ्रेड ब्रुक्स १९७५ मध्येच सांगून गेला होता की उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की काम आणखी उशिरा होतं. हिशेब तूच कर: पाच जणांत बोलणाऱ्या जोड्या दहा, दहा जणांत पंचेचाळीस. शिवाय नव्यांना शिकवायला जुनेच लागतात.

व्ही मॉडेल तू दोन ओळींत उरकलंयस, तिथे जरा थांब. डावीकडे उतरताना रिक्वायरमेंट, डिझाइन, कोड. उजवीकडे चढताना आधी सुटा भाग, मग जोडलेले भाग, मग पूर्ण यंत्रणा आणि शेवटी ग्राहकाची पसंती तपासायची, म्हणजे युनिट, इंटिग्रेशन, सिस्टिम, अॅक्सेप्टन्स टेस्टिंग. मुद्दा त्या इंग्रजी अक्षराच्या आकाराचा नाही. डावीकडची प्रत्येक पायरी लिहिली जात असतानाच समोरची टेस्ट लिहायची, म्हणजे "गाडी लवकर थांबली पाहिजे" असल्या मोघम वाक्याला कुणीतरी तिथल्या तिथे विचारतं, लवकर म्हणजे किती? ब्रेक, एअरबॅग, रेल्वेचं सिग्नलिंग, दवाखान्यातली यंत्रं अशा ठिकाणी ही पद्धत टिकून आहे. पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या मुलांना विचार. त्यांचं सुरक्षेचं मानक, आयएसओ २६२६२, या व्हीवरच उभं आहे.

ही शिस्त सुटली की काय होतं ते एरियन-५ने दाखवलं. ४ जून १९९६ला हे युरोपियन रॉकेट पहिल्यांदाच उडालं आणि सुमारे ४० सेकंदांत भरकटून फुटलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन-४ वरून घेतलेलं, तिथे वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेलं. नवं रॉकेट आडव्या दिशेने जुन्यापेक्षा जास्त वेग घेत होतं. त्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांत कोंबली गेली, आणि अधिक-उणे चिन्ह धरून १६ बिटांत ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर. तीही तशीच बंद पडली. गंमत म्हणजे हिशेबाचा तो भाग या रॉकेटला उड्डाणानंतर लागतच नव्हता. चौकशीत निघालं की एरियन-५चा उड्डाणमार्ग त्या यंत्रणेच्या रिक्वायरमेंटमध्ये लिहिलेलाच नव्हता, आणि तो मार्ग घालून टेस्टही झाली नव्हती. कोड सांगितलं तसंच वागत होता, ओंकार.

स्पायरल बॅरी बोहेमचं, ऐंशीच्या दशकातलं. प्रत्येक फेरीला विचारायचं, आत्ता सगळ्यात मोठा धोका कोणता, आणि आधी तो खोडता येईल एवढंच करायचं. परीक्षेत आकृती नीट काढ, गोल काढताना तुझा हात वाकडा जातो.

अजाइलचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१चा. अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्ड या बर्फावरच्या रिसॉर्टवर सतराजण जमले आणि त्यांनी चार वाक्यांत सांगितलं की आराखडा पाळण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं मोलाचं, ढीगभर कागदांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर मोलाचं, असं. त्याखाली हेही लिहिलंय की दुसऱ्या बाजूच्या गोष्टींनाही किंमत आहे. पण रॉइसचं झालं तेच यांचं झालं, खालची ओळ कुणी वाचली नाही. काही टीममध्ये अजाइल म्हणजे डॉक्युमेंट लिहायचं नाही आणि रोज सकाळी स्टँडअपला, म्हणजे उभ्याउभ्या होणाऱ्या छोट्या मीटिंगला, हजेरी लावायची. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, त्यातला शेवटचा दीड दिवस टेस्टिंगला. म्हणजे तोच वॉटरफॉल, लहान मापात. नीट केलेलं अजाइल मात्र मला मनापासून आवडतं. टेस्टर पहिल्या दिवसापासून टेबलावर असतो आणि क्लायंटचं "असं नको होतं" पंधरा दिवसांत कानावर येतं.

आता तुमच्या प्रोजेक्टचं मेसचं अॅप. चौघांनी मिळून लॉगिन, बिल, मेन्यू, रेटिंग सगळं एकदम काढलंय असं दिसतं. माझं ऐकशील तर आधी "उद्या जेवायला नाही" एवढं एकच बटण करा आणि दोन आठवडे मेसच्या काकांना वापरू द्या. तुमचा खरा धोका डेटाबेसचा नाहीच. सकाळी कणीक मळायच्या आधी काका फोन उघडून बघतील का, हा आहे. नाही बघितला तर कागदावर यादी छापून देणारं काहीतरी करावं लागेल, आणि मग तुमचं अर्धं डिझाइन बदलेल. रिपोर्टमध्ये हेच जसं घडलं तसं लिहा, सिनियरच्या रिपोर्टमधली आकृती चिकटवू नका.

रॉइसचा निबंध मेलवर पाठवला आहे, दहा-अकरा पानांचाच आहे. वाचून झाल्यावरही व्हायवात "वॉटरफॉल मॉडेल कुणी मांडलं?" असं विचारलं, तर गुपचूप रॉइसचं नाव सांग. सरांशी वाद घालायचा तो मार्क मिळाल्यावर.

तुझी,
आई