शाळेतून वाचलेली माणसं : कॅनडाच्या नागरिकत्व मंत्र्यांना खुलं पत्र

ब्रॅम्प्टन, ओंटारिओ

माननीय स्थलांतर, निर्वासित व नागरिकत्व मंत्री,
ओटावा

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत लिहितोय. आपल्या सरकारात भाषांतराला माणसं आहेत, तेव्हा ते आपल्यापर्यंत पोचायला हरकत नसावी. पण मराठीत लिहायचं खरं कारण वेगळं आहे. यातली निम्मी तक्रार आपल्याकडे आहे आणि निम्मी आम्हा मराठी माणसांकडे. घरचं उणंदुणं घरच्या भाषेत काढलेलं बरं.

मराठीत 'निवासी शाळा' म्हटलं की पाचगणी आठवते, नवोदय आठवतं. 'मुलगा निवासी शाळेत आहे' हे आमच्याकडे जरा छाती फुगवूनच सांगतात. त्यामुळे इथे आल्यावर, कॅनडा सरकार आदिवासी मुलांना घरापासून दूर ज्या शाळांत ठेवायचं त्या रेसिडेन्शियल स्कूलबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तक्रार नेमकी काय तेच मला कळेना. सरकारी खर्चाने शिक्षण, राहणं, जेवण; यात रडण्यासारखं काय? मग एका ग्रंथालयातल्या कार्यक्रमात क्री या आदिवासी समाजातल्या एक आजी बोलल्या. त्या शाळेत गेलेली माणसं स्वतःला माजी विद्यार्थी म्हणवत नाहीत, सर्व्हायव्हर म्हणवतात. मी खुर्चीत बसल्या बसल्या त्याचं मराठी करत होतो. आमच्या भाषेत 'वाचणं' हे एकच क्रियापद पुस्तकालाही लागतं आणि जिवालाही. शाळेत मूल वाचायला शिकतं, एवढंच मला माहीत होतं. शाळेतून मूल 'वाचतं', हा त्या शब्दाचा उपयोग मी त्या दिवशी शिकलो.

2023 मध्ये मी नागरिकत्वाची परीक्षा दिली. वीस प्रश्न, त्यातले पंधरा बरोबर यायला हवेत. अभ्यासाला आपल्या खात्याची पुस्तिका, 'डिस्कव्हर कॅनडा'. पहिल्यांदा 2009 ला आली, 2012 ला सुधारली, आणि अकरा वर्षांनी माझ्या हातात पडली तीही तीच. तिच्यात या शाळांना किती जागा आहे, आपल्याला ठाऊक असेलच. एक परिच्छेद. एकोणिसाव्या शतकापासून 1980 च्या दशकापर्यंत सरकारने अनेक आदिवासी मुलांना या शाळांत घातलं, शाळांना पैसा अपुरा होता, मुलांचे हाल झाले, काहींना मार बसला, भाषा आणि चालीरीतींना बहुतेक बंदी होती, 2008 मध्ये ओटावाने माफी मागितली. संपलं.

त्या परिच्छेदात 'मृत्यू' हा शब्द नाही. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख नाही. आणि शेवटाचं दशकही चुकलेलं आहे. सास्कॅचेवानमधली गॉर्डन्स शाळा 1996 मध्ये बंद झाली आणि नुनावुतमधल्या रँकिन इनलेटचं किवालिक हॉल 1997 मध्ये. 1997 मध्ये मी नाशिकला दहावीच्या परीक्षेला बसलो होतो. म्हणजे हा इतिहास माझ्या आजोबांच्या काळातला नाही. माझ्या वयाची माणसं त्यातून आलेली आहेत आणि ती याच देशात बसमध्ये माझ्या शेजारी बसतात.

त्याच पुस्तिकेत आम्हा बाहेरून येणाऱ्यांसाठी एक ताकीद मात्र ठसठशीत आहे: बायकोला मारणं, 'इज्जती'साठी खून, जबरदस्तीचं लग्न असल्या रानटी प्रथा कॅनडा खपवून घेणार नाही. ताकीद रास्तच आहे, तिच्याबद्दल माझी कुरकुर नाही. फक्त आमच्याकडच्या गोष्टींना 'रानटी' हा शब्द आणि आपल्याकडच्या गोष्टीला 'हाल' हा शब्द, एवढा फरक शब्द निवडणाऱ्याने विचार करूनच केला असेल ना?

पहिले पंतप्रधान सर जॉन मॅकडोनल्ड यांची ओळख पुस्तिकेत कौतुकाने करून दिली आहे. मूल आईबापांजवळच्या शाळेत शिकलं तर लिहायला-वाचायला शिकेल पण 'रानटी'च राहील, म्हणून त्याला घरापासून शक्य तितकं तोडलं पाहिजे, हे 1883 मध्ये संसदेत सांगणारेही तेच. तेव्हा हा शब्द सरकारच्या तोंडी नवा नाही. ही बाजू परीक्षार्थ्याला कळत नाही. सरकारच्याच वैद्यकीय अधिकाऱ्याने, डॉ. पीटर ब्राइस यांनी, 1907 मध्ये प्रेअरी प्रांतांतल्या 35 शाळांची पाहणी करून, त्यातल्या पंधरा शाळांच्या आकड्यांवरून कळवलं होतं की तिथे आलेल्या मुलांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा दगावला आहे, आणि एका शाळेत तर 69 टक्के. कारण क्षय. कोंदट खोल्या, दाटीवाटीने लावलेल्या खाटा, आणि त्यावर कडी म्हणजे अनुदान डोक्यामागे मिळायचं, म्हणून आजारी मुलालाही नाही म्हणायचं नाही. (डोक्यामागे अनुदान आणि हजेरीपट भरलेला, हे गणित महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको.) ब्राइस यांचं ऐकलं तर गेलं नाहीच, उलट त्यांचं हे काम थांबवलं गेलं. निवृत्त झाल्यावर 1922 मध्ये त्यांनी सगळं स्वतः छापून काढलं. त्याआधी दोनच वर्षं, 1920 मध्ये, सरकारने कायदा बदलून मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं केलं होतं. म्हणजे पोरं मरताहेत हे माहीत झाल्यावर दार आणखी घट्ट लावलं.

आता शपथेकडे येतो. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने साडेसहा हजारांहून जास्त लोकांचं ऐकून 2015 मध्ये 94 शिफारशी केल्या. शेवटच्या दोन आम्हा नवख्यांबद्दल आहेत. 94 वी म्हणते, नागरिकत्वाच्या शपथेत आदिवासींबरोबरच्या करारांचा उल्लेख करा. 93 वी म्हणते, पुस्तिका आणि परीक्षा बदला, करार आणि या शाळांचा इतिहास त्यात घाला, आणि हे काम आदिवासी संघटनांना बरोबर घेऊन करा. शपथ जून 2021 मध्ये बदलली. पुस्तिका मी परीक्षेला बसलो तोवर जुनीच होती. नवी येणार, असं मात्र तेव्हाही ऐकत होतो. म्हणून हात वर करून मी जे म्हटलं ते असं: फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या आदिवासी लोकांचे मूळचे आणि करारांतले हक्क मानणाऱ्या राज्यघटनेसह कॅनडाचे कायदे मी निष्ठेने पाळीन. कुठला करार, कोणाशी, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, परीक्षेत विचारलंही नव्हतं. सत्यनारायणाच्या पूजेत भटजी सांगतात तसं 'मम' म्हणून मोकळा झालो.

नंतर शोधलं. माझं घर ज्या जमिनीवर आहे ती 1818 च्या एजेटन्स करारात येते, करार क्रमांक 19. मिसिसॉगा लोकांकडून इंग्रजांनी सहा लाख 48 हजार एकर जमीन घेतली. आज ब्रॅम्प्टनचा मोठा भाग त्यात आहे. मिसिसॉगा हे शेजारच्या शहराचं नाव आहे हे आम्हाला माहीत असतं, ते माणसांचंही नाव आहे हे नसतं. ही माणसं 1847 मध्ये क्रेडिट नदीचा काठ सोडून हॅगर्सव्हिलजवळ गेली, सिक्स नेशन्स या दुसऱ्या आदिवासी समूहाने दिलेल्या जागेवर. तिथून जवळच, ब्रँटफर्डला, मोहॉक इन्स्टिट्यूट. 1831 पासून 1970 पर्यंत चाललेली, देशातली सर्वांत जुनी अशी शाळा. माझ्या घराखालच्या जमिनीचे जे धनी होते, त्यांचीही नातवंडं-पतवंडं तिथे गेली. हा धागा मला तास-दीड तासाच्या अंतरावर सापडला. तो जोडून द्यायला पुस्तिकेला पाच ओळी लागल्या असत्या.

मी ब्रँटफर्डला गेलो. लाल विटांची, पुढे पांढरे खांब असलेली इमारत. मुलं तिला 'मश होल' म्हणायची, कारण रोजच्या रोज ओटची पातळ लापशी, कधी कधी तीत अळ्या. आवारात सफरचंदाची बाग होती आणि मुलांनी तिथलं फळ तोडलं तर शिक्षा व्हायची. फळं विकायला, मुलांना लापशी. 2013 मध्ये छप्पर गळून इमारतीची नासधूस झाली तेव्हा ती पाडायची की ठेवायची असं तिथल्या समाजाला विचारलं. मला वाटलं असतं, पाडा म्हणतील. त्यांनी ठेवा म्हटलं, कारण उद्या कोणी 'असं काही झालंच नाही' म्हणेल तेव्हा दाखवायला काहीतरी पाहिजे. मागच्या भिंतीच्या विटांवर मुलांनी नावं कोरली आहेत. खिळ्याने, दगडाने, ज्याला जे सापडलं त्याने. गडकिल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांना मी आयुष्यभर शिव्या दिल्या आहेत. इथे मी प्रत्येक वीट वाचत उभा राहिलो.

आता आमच्याकडची निम्मी तक्रार. गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत मी हे सगळं सांगितलं. जी उत्तरं मिळाली ती आपल्याला कळावीत. 'आपण तर परवा आलो, आपला काय संबंध?' 'त्यांना टॅक्स नाही, सगळं फुकट, तरी रडतात.' 'किती वर्षं तेच उगाळणार?' ही वाक्यं मला ओळखीची वाटली, कारण ती मी आधी नाशिकमध्ये ऐकली होती, आरक्षणाबद्दल आणि आदिवासींबद्दल, जवळपास याच शब्दांत. आम्ही बॅगेत लोणचं आणलं, मसाला आणला आणि हेही आणलं. एकाने फोन काढून दाखवलं की कॅम्लूप्सच्या अशाच एका शाळेपाशी मुलांची थडगी सापडलीच नाहीत, म्हणजे सगळं थोतांड. त्याला मी जे सांगितलं ते इथेही सांगतो: मे 2021 मध्ये कॅम्लूप्सला रडारने जमिनीखाली जे दिसलं ती सुमारे दोनशे संभाव्य थडगी आहेत, अजून उकरलेली नाहीत. पण विनिपेगच्या राष्ट्रीय सत्य आणि सलोखा केंद्रात या शाळांतल्या 4,100 हून जास्त मृत मुलांची जी नोंद आहे, ती रडारवरून केलेली नाही. सरकारची आणि चर्चची जुनी कागदपत्रं चाळून ती जमवली आहे. त्यावर तो गप्प बसला. पटलं म्हणून की जिलबी आली म्हणून, सांगता येत नाही.

दुसऱ्यांना बोलतोय तर स्वतःचंही सांगितलं पाहिजे. माझे वडील नाशिक जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक होते आणि प्राथमिकची दोन वर्षं मी त्याच शाळेत शिकलो. वर्गात कोकणा आणि वारली मुलं, प्रमाण मराठीत बोलणारा मी एकटा. एखादा मुलगा उत्तर द्यायला उभा राहिला आणि घरच्या बोलीत बोलला की गुरुजी म्हणायचे, 'माणसासारखं बोल', आणि मी हसायचो. सगळ्यांत आधी मीच. एक मुलगा होता, त्याने वर्षअखेरीस बोलणंच सोडलं. हजेरीलाही नुसता हात वर करायचा. दिवाळीला घरी गेला तो परत आला नाही. आश्रमशाळा आणि इथल्या त्या शाळा एकच, असं मी म्हणत नाही. आमच्याकडे पोलिस पाठवून मुलं उचलली नाहीत, आणि त्या शाळांनी कित्येकांना पहिल्यांदा पाटी-पुस्तक दिलं. पण ब्रँटफर्डच्या त्या भिंतीपाशी मला आठवला तो हाच मुलगा.

माझ्या लेकी शनिवारी मराठी शाळेत जातात. 'अ अननसाचा' म्हणतात, आणि त्यांची भाषा टिकावी याचं इथे सगळ्यांना कौतुक आहे. ज्या देशात क्री किंवा मोहॉक बोललं म्हणून मुलाच्या हातावर पट्टा बसायचा, त्या देशात माझ्या मुली बिनधास्त मराठी बोलतात. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, पण ते मुलींना माहीत असावं एवढं मला वाटतं, आणि ते त्यांना मीच सांगायचं तर आधी मला माहीत हवं.

तेव्हा मागणं असं. पुस्तिकेतला तो एक परिच्छेद काढा आणि तिथे त्या शाळांमधून वाचलेल्या माणसांना लिहू द्या. आपल्या अधिकाऱ्यांनी लिहून त्यांना दाखवायला नेऊ नये. मृत्यू लिहा. ब्राइस यांचं नाव लिहा. 1990 च्या दशकातलं साल लिहा. परीक्षेत त्यावर प्रश्न विचारा, कारण परीक्षेत नसलेलं आम्ही वाचत नाही, आम्ही एसएससी बोर्डाची माणसं. आणि ज्या गावात शपथविधी होतो तिथला करार कुठला, हे शपथेच्या आधी दोन मिनिटं सांगायला त्या समाजातल्या माणसाला बोलवा, त्याला मानधन द्या. आपल्याकडच्या समारंभांत सुरुवातीला ही जमीन मूळची कोणाची हे सांगणारं जे वाक्य वाचून दाखवतात ते मला विमानातल्या सूचनांसारखं वाटतं: आवाज येतो, ऐकत कोणी नाही.

'सलोखा' शब्दाबद्दलही एक शंका आहे. आमच्या गावाकडे सलोखा म्हणजे बांधावरून भांडलेल्या दोन भावांना पंचांनी बसवून मिटवणं. इथे दोघे भांडले नव्हते. एकाने नेलं आणि दुसऱ्याचं गेलं. आयोगाच्या नावात सत्य आधी आहे, सलोखा नंतर. परीक्षेच्या पुस्तिकेत आम्हाला थेट माफीच्या तारखेवर आणून सोडलं आहे.

माझा मेहुणा पुढच्या वर्षी परीक्षेला बसेल. नवी पुस्तिका तेव्हा त्याच्या हातात असेल तर तिच्या मराठी भाषांतराचं आमच्यातली चार माणसं बघतील, पैसे नकोत. फक्त 'रेसिडेन्शियल स्कूल'ला मराठीत 'निवासी शाळा' लिहायचं की दुसरं काही, हे ठरवण्याआधी आम्ही एकदा ब्रँटफर्डला जाऊन विचारून येऊ.

आपला,
ब्रॅम्प्टनचा एक नागरिक
(करार क्रमांक 19, 1818)