बाबा, रंधा मशीन चालू झालं

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

जुनं रंधा मशीन घेतोय असं मी मागे म्हणालो होतो ना, ते काल चालू झालं. फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून निवांत बसून लिहितोय.

सहा इंची मशीन आहे, सगळं बिडाचं. दोन टेबलं आणि त्यांच्या मधे पात्यांचा फिरता रूळ; फळी अलीकडच्या टेबलावरून रुळावर ढकलत पलीकडच्या टेबलावर न्यायची. आधीच्या मालकाकडे वर्षानुवर्षं ओलीत पडून होतं, टेबलावर गंजाचा तांबडा थर. गंजाची मला भीती वाटली नाही, गंज निघतो. टॉर्च घेऊन कोपरान् कोपरा तपासला तो तड शोधायला, कारण बिडाला तड गेली की घरच्या घरी ती सांधता येत नाही. तड कुठेच नव्हती, म्हणून घेतलं.

छोटे भाग पाण्यात धुण्याचा सोडा घालून बुडवले. बॅटरी चार्जरची वजा तार त्या भागाला आणि अधिक तार साध्या लोखंडाच्या तुकड्याला. रात्रभरात गंज काळा, भुसभुशीत होऊन ब्रशने निघून आला. स्टेनलेसचा तुकडा मात्र लावायचा नाही, त्यातलं क्रोमियम पाण्यात विषारी रूपात उतरतं. हायड्रोजनही सुटतो, म्हणून टब उघड्यावर ठेवला होता.

पात्यांचा रूळ हाताने फिरवला तर खरखर. बेअरिंग गेली होती. कडेवर 6203 कोरलेलं, म्हणजे आतून 17, बाहेरून 40, जाडी 12 मिलिमीटर. तोच आकडा सांगून नवी मिळाली. रुळाच्या दांड्यावर चढवताना नळीचा तुकडा फक्त आतल्या कड्यावर टेकवून ठोकला. बाहेरच्या कड्यावर ठोकलं असतं तर सगळा मार गोळ्यांवर बसून नवी बेअरिंगसुद्धा वाया गेली असती.

मग पहिली फळी घातली. कड सुरेख आली, पण शेवटच्या दोन इंचांत खड्डा. दुसऱ्या फळीला तेच, तिसरीलाही तेच. बाबा, तेव्हा तुमची आठवण आली. तुम्ही कडेला पट्टी लावून फळी खिडकीकडे धरायचात आणि म्हणायचात, "उजेड कुठून येतो ते बघ." मी दोन्ही टेबलांवर मिळून लांब पट्टी ठेवली, मागे दिवा लावला. पलीकडच्या टेबलाच्या टोकाशी पट्टीखाली उजेडाची बारीक रेघ दिसली. टेबल टोकाला लवलं होतं. ते ज्या खाचेत सरकतं, तिच्या बाहेरच्या टोकाशी पितळी पत्र्याची कातळी सरकवली, मग कागदाइतकी दुसरी, आणि रेघ मिटली.

शिवाय ते टेबल पात्यांपेक्षा खाली होतं. फळीचं शेपूट अलीकडच्या टेबलावरून सुटलं की फळी खाली टेकायची आणि पातं खोल जायचं. खड्डा त्याचाच. प्लग काढून पलीकडच्या टेबलावर लाकडी पट्टी ठेवली आणि रूळ हाताने फिरवला. प्रत्येक पात्याने पट्टी जेमतेम तीन मिलिमीटर पुढे ओढावी, तिघांनी सारखीच, म्हणजे टेबल आणि पाती जवळजवळ एका पातळीत आली. एक पातं पाच ओढत होतं. ते बसवण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

काल दोन फळ्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून दिव्यासमोर धरल्या. मधून उजेड येत नाही.

आता पात्यांना धार लावायची आहे. तिन्ही सारखीच झिजायला हवीत, नाहीतर वजन बिघडून रूळ थरथरेल. तुम्ही कुरुंदाच्या दगडावर पातं घासताना कोन हातानेच धरायचात. तीन पात्यांना तो सारखा राहावा म्हणून लाकडाचा ठोकळा करू का? रविवारी फोन करतो, तोवर विचार करून ठेवा.

आईला नमस्कार.

तुमचा,
बाळ